उभी राहिली की काटा चढतो, धावली की उतरतो: हेड उघडावं का?

निळी_हॅचबॅक

१२०० सीसी, ४ सिलिंडर पेट्रोल गाडी, १,१०,००० किमी. एसी लावून सिग्नलला किंवा गर्दीत उभी राहिली की दहाएक मिनिटांत तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकतो. ६० च्या वेगाने दोन-तीन किलोमीटर धावली की परत जागेवर येतो. आठवड्याला अंदाजे २०० मिली कूलंट कमी होतं, पण गाडी उभी असते तिथे खाली डाग दिसत नाही. गाडी जागेवर चालू ठेवून हीटर लावला तर कधी गरम हवा येते, कधी गार. डिपस्टिकवर ऑईल स्वच्छ आहे. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) नुकताच बदलला, फरक शून्य. आता गॅरेजमधून सांगतात की हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं आहे, हेड उतरवावं लागेल. दोन प्रश्न आहेत. हेड न उघडता गॅस्केटची खात्री कशी करायची? आणि तोपर्यंत थर्मोस्टॅट काढून गाडी चालवली तर चालेल का?

पाना_१३

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: थर्मोस्टॅट काढू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्या मागची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो. म्हणजे भर उन्हात, चढावर गाडी आणखी तापते. उलट थंड हवेत इंजिन ८० अंशांवर पोचतच नाही, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजिन गार आहे असं समजून जास्त पेट्रोल देत राहतो आणि ते पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. दोन्हीकडून नुकसान.

आता मूळ दुखणं. गाडी कधी तापते यातच निम्मं निदान आहे. उभ्यावर तापते आणि धावताना गार होते, तेव्हा रेडिएटरवरून जाणारी हवा कमी पडते आहे. धावताना ती हवा समोरून आपोआप मिळते, उभ्यावर ती फक्त पंखा देतो. याच्या उलट, जोरात धावताना किंवा चढावर तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही (आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट) किंवा सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. गॅस्केट गेलेली गाडी बहुधा इंजिनावर भार आला की तापते. तुमची भार कमी झाला की तापते. त्यामुळे माझा पहिला संशय पंख्यावर आहे, गॅस्केटवर नाही.

कमी होणारं कूलंट हा कदाचित वेगळाच दोष आहे. दोन छोटे दोष एकत्र आले की ते एका मोठ्या दोषासारखे दिसतात आणि हेड विनाकारण उघडलं जातं. हीटर कधी गरम कधी गार, याचा अर्थ पातळी उतरली आहे आणि हीटरच्या जाळीत हवा अडकते आहे.

या क्रमाने बघा:

इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, रेडिएटरला झाकण असेल तर ते उघडा. फक्त बाजूच्या टाकीवर विश्वास ठेवू नका. टाकीत पातळी बरोबर आणि रेडिएटरमध्ये दोन बोटं कमी, असं असेल तर झाकणाचा आतला छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे. गाडी गार होताना त्याने टाकीतलं पाणी परत ओढून घ्यायला हवं. तो अडकला की वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसतो. गरम असताना झाकणाला हात लावू नका. झाकण साधारण १ बारचा दाब धरतं, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते क्षणात उकळून अंगावर येतं.

मग एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा. पंखा जवळजवळ लगेच सुरू व्हायला हवा. एसी बंद करून इंजिन तापू द्या, तेव्हा तो बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो.

तापमान काट्यावर मोजू नका. आजच्या बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. ८० पासून शंभरी ओलांडेपर्यंत तो मध्यावरून हलत नाही, आणि हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. साधं ओबीडी रीडर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचं यंत्र) लावून कूलंटचं खरं तापमान वाचा.

शेवटी कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्च मारून बघा. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत धूळ, किडे, पिसं यांचा नमदा बसलेला असतो. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पात्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते.

सिलिंडर_हेड

पाना_१३ यांच्याशी सहमत, तरी गॅस्केटची शंका तशीच ठेवू नका. हेड न उघडता ती चांगली तपासता येते.

गार इंजिन सुरू करा आणि पहिल्या मिनिटातच वरचा होज दाबून बघा. पाणी अजून कोमट असताना होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरमधल्या गॅसचा आहे. पाणी तापल्यावर होज कडक होणं साहजिक आहे, त्यावरून काही ठरवू नका.

दुसरी चाचणी निळ्या द्रावाची, म्हणजे कूलंटमध्ये ज्वलनाचा गॅस आहे का ते दाखवणाऱ्या किटची. रेडिएटरची पातळी तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली आणा, नळी बसवा आणि इंजिन चालू ठेवून वरची हवा द्रावातून ओढा. ज्वलनाच्या गॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडने पेट्रोल गाडीत द्राव निळ्याचा पिवळा होतो. द्रावात कूलंटचा थेंब गेला तर चाचणी फुकट, म्हणून पातळी उतरवायची. फट बारीक असेल तर नुसत्या आयडलवर (गाडी उभी, इंजिन हळू चालू) गॅस येत नाही. गाडी भाराखाली चालवून आणा, पूर्ण गार होऊ द्या, मगच झाकण उघडून पुन्हा तपासा.

तिसरी, स्पार्क प्लग काढून बघा. चारपैकी एकाचं टोक धुतल्यासारखं लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातं आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजणार असाल तर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंधन आणि इग्निशन बंद करून मोजा. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार येतात. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. शेजारचे दोन सिलिंडर दोन्ही पडलेले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलं असं जवळजवळ नक्की.

ऑईल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट शाबूत, असं मात्र समजू नका. गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये फुटलं तर ऑईलला पाणी लागतही नाही. आणि उलट, नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते ती हवेतल्या ओलाव्याची असू शकते.

बारा_व्होल्ट

पंख्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेक जण मोटर बदलून मोकळे होतात.

आधी सावधगिरी: काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो. हात घालण्याआधी त्याच्या वायरचा प्लग काढा.

प्लग काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, मधे ३० अँपिअरचा फ्यूज ठेवून. फिरला नाही तर मोटर गेली. जोरात फिरला तर मोटर ठीक, पुढे रिले (विजेवर चालणारा स्विच), फ्यूज, अर्थ आणि वायरिंग बघा. मोटर चालू असताना अर्थच्या वायरचं टोक आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ गंजला आहे.

दोन वेगांचा एकच पंखा असेल तर खरा गुन्हेगार बऱ्याचदा रेझिस्टर असतो. तो मोटरच्या चौकटीवरच, हवेच्या झोतात बसवलेला असतो. हळू वेगाचा प्रवाह त्यातून जातो, जोराचा थेट जातो. रेझिस्टर तुटला की हळू वेग नाहीसा होतो, जोराचा शाबूत राहतो. एसी लावल्यावर पंखा गप्प आणि बरंच तापल्यावर एकदम घरघर करत सुरू, ही त्याची खूण. प्लग काढून त्याचा रोध मोजा. चांगल्याचा रोध साधारण एका ओहमच्या आत असतो, तुटलेल्याचा मीटरवर अनंत दिसतो.

रेझिस्टर बदलण्याआधी पंखा हाताने फिरवून बघा. बुशिंग जाम झालं असेल तर मोटर जास्त प्रवाह ओढते, त्यानेच रेझिस्टरमधली उष्णतेने तुटणारी कडी (थर्मल फ्यूज) जळते. मोटर तशीच ठेवलीत तर नवाही जळेल.

निळी_हॅचबॅक

सगळं तपासलं. आकडे देतो.

एसी लावल्यावर पंखा फिरत नाही. ओबीडीवर १०४ अंश दिसल्यावर एकदम पूर्ण जोरात सुरू होतो, ९७ ला बंद होतो. काटा १०३ च्या पुढेच हलायला लागतो. रेझिस्टर मीटरवर तुटलेला. पंखा हाताने मोकळा फिरतो.

सकाळी रेडिएटर उघडला तर पातळी तीन सेंटिमीटर खाली. कूलिंग सिस्टीमला हातपंपाने १ बार दाब दिला, १० मिनिटांत ०.८ वर आला. वॉटर पंपाच्या खाली ब्लॉकवर गुलाबी, वाळलेला थर आहे. गाडीत आत ओल नाही. निळा द्राव आयडलवरही निळा, भार देऊन आणल्यावरही निळा. वरचा होज गार असताना मऊ.

पाना_१३

मग हेडला हात लावू नका. दोन्ही दोष सापडले: हळू वेगाचा रेझिस्टर आणि पंपाचं सील. सीलमागे एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सील झिरपू लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. गरम ब्लॉकवर ते लगेच वाळतं, त्यामुळे जमिनीवर डाग पडत नाही, फक्त थर उरतो. ते भोक सीलंटने बुजवू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरून पंप अडकेल. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रवही टाकू नका. त्याने आधी हीटरची बारीक जाळी चोंदते.

पंप टायमिंग बेल्टवर (क्रँक आणि कॅम शाफ्ट जोडणारा पट्टा) चालत असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टची ताण देणारी आणि वळवणारी चाकं) त्याच वेळी बदला. तेवढंच काम उघडलेलं असतं, आणि जुना बेल्ट कूलंटने भिजला असेल तर त्याचा भरवसा नाही. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून लॉक करा. नवा बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. अडखळलं तर जोर देऊ नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल.

पंपाची बैठक प्लॅस्टिकच्या पातीने खरवडा, अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी पाती ओरखडे पाडते आणि तिथूनच परत झिरपतं. रबरी रिंग असेल तर तिला थोडं कूलंट लावा, ग्रीस किंवा सीलंट नको. एम६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात, गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

सिलिंडर_हेड

भरण्याबद्दल एक गोष्ट, कारण इथे हमखास चूक होते. रेडिएटरचा नळ उघडून सगळं कूलंट निघत नाही, ब्लॉकमध्ये बरंच उरतं. साध्या पाण्याने धुतलंत तर ते पाणीही आत राहतं, आणि वरून तयार मिश्रण ओतलंत तर एकूण प्रमाण पातळ होतं. म्हणून धुतल्यावर काँसंट्रेट घ्या. एकूण क्षमता ५ लिटर असेल तर आधी २.५ लिटर काँसंट्रेट ओता, उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, तो थर उष्णता अडवतो. कूलंटचा प्रकार पुस्तकात दिलेलाच घ्या. रंग बघून ठरवू नका, रंगाला कोणताही ठरलेला नियम नाही. वेगळ्या जातीची दोन कूलंट मिसळली की काही वेळा त्यांचा चिकट गाळ होतो.

काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

पाना_१३

हवा काढताना गाडीचं नाक थोडं वर घ्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, एसी बंद. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. नसेल तर तोंडात फनेल बसवून अर्ध्यापर्यंत भरा, इंजिन आयडलवर सोडा आणि गार असतानाच वरचा होज अधूनमधून दाबत राहा. पंखा दोनदा सुरू-बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून सलग गरम हवा येऊ लागली की हवा निघाली. मग पूर्ण गार होऊ द्या, पातळी परत बघा, झाकण लावा.

त्यानंतर टाकीवर पातळीची खूण पेनने करा आणि पुढचे ५०० किमी रोज सकाळी गार इंजिनवर बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली तर उरलेली हवा निघाली असं समजा. त्यानंतरही उतरत राहिली तर पुन्हा १ बार दाब देऊन बघा, आणि झाकणही त्याच पंपावर वेगळं तपासा.

बारा_व्होल्ट

रेझिस्टर बसवल्यावर एसी लावून हळू वेग चालतो ना बघा, आणि प्लगची जुनी टोकं काळवंडली असतील तर तीही बदला.