जुन्या गावच्या दफनभूमीवर जेसीबी फिरवायचा का?

माळवद (धागा सुरू करणारा)
आमचं गाव औसा तालुक्यातलं. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली जी 52 गावं उठवून दुसरीकडं वसवली, त्यातलं एक. नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण गावातलं आहे आणि मला तिथंच राहायचंय. जुनं गावठाण आता वेड्या बाभळीत बुडालंय. त्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, लिंगायत समाजाची दफनभूमी आहे. ग्रामपंचायतीनं जनसुविधेच्या, म्हणजे गावातल्या सार्वजनिक सोयींच्या सरकारी निधीतून तिचा जीर्णोद्धार काढलाय. जीर्णोद्धार म्हणजे काय, तर जेसीबीनं सगळं सपाट, वर मुरूम, त्यावर पेव्हर ब्लॉक, सिमेंटची कंपाऊंड वॉल, पत्र्याचं शेड, तिथवर सिमेंट रस्ता आणि एक कमान. कमानीवर कुणाची नावं टाकायची हे मात्र आधी ठरलंय.

माझा विरोध सपाटीकरणाला. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, हातात इष्टलिंग (अंगावर बाळगायचं छोटं लिंग), सोबत विभूती आणि बेल. वरून जमीन मोकळी दिसली तरी खाली माणूस बसलेला असतो. आणि वर जे आहे तेही थोडं नाही. समाध्यांवर काळ्या घडीव दगडांचे ओटे आहेत, काहींवर लिंग आहे. एका ओट्यावर मूठभर नंदी आहे. शिंगं झिजून गेलीत, पण गळ्यातली घुंगरमाळ अजून बोटाला लागते. गाव हललं, घरं पडली, मठ पडला. भूकंपाआधीच्या आमच्या पिढ्यांचा पुरावा म्हणून एवढंच उरलंय. आधी मोजणी करा, बाभळी माणसं लावून काढा, प्रत्येक समाधीला नंबर देऊन फोटो आणि नकाशा करा, ढासळलेले ओटे चुन्यात बसवा. शेड आणि रस्ता करायचाच आहे तर खालच्या मोकळ्या पट्टीत करा. यात वावगं काय?

तेरणाकाठ
वावगं काही नाही भाऊ, फक्त तुम्ही पावसाळ्यात मातीला गेलेले दिसत नाही. आमच्या शेजारच्या गावात हीच गत आहे. ज्याला शेत आहे तो आपल्या माणसाला बांधावर पुरतो. ज्याला नाही तो जुन्या गावच्या दफनभूमीत नेतो. म्हणजे तिथं जाणारा गरीबच. गुडघाभर काळ्या रानातून खांदेकरी घसरत जातात, खड्डा खणला की निम्मा पाण्यानं भरतो. त्या माणसाला तुम्ही नंदीची घुंगरमाळ दाखवणार? सरपंच कमानीवर नाव टाकेना का, रस्ता होतोय ना? निधी मार्चअखेर परत गेला की पुढची पाच वर्षं कुणी विचारत नाही. नकाशा, नंबर, चुना, हे सगळं पोट भरलेल्याचं काम आहे.

चुनागच्ची
मी बांधकामातला माणूस आहे. तेरणाकाठांचं रस्त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण पेव्हर ब्लॉकनं तो प्रश्न सुटत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. खाली नीट खोदून मुरमाची भर घातल्याशिवाय पेव्हर आणि सिमेंटची भिंत टाकली की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तडे आणि पेव्हरचा डोंगर-दरी. अशा कमानी तिरक्या झालेल्या सगळ्यांनी बघितल्यात.

आता ओट्यांचं. आत दगड-माती-चुन्याचा भराव असतो. तो ओल धरतो आणि दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या फटींतून, हळूहळू सोडतो. कुणीतरी भक्तिभावानं सिमेंटनं दरजा बंद करतो, वरून पांढरा ऑइल पेंट मारतो. मग ओल आतच कोंडते, भराव फुगतो आणि घडीव दगड पुढं सरकतो. लोक म्हणतात, समाधी जुनी होती म्हणून पडली.

बाभळीचं तर विचारूच नका. बुडाशी कापली तर दुप्पट फुटते. मातीखाली वीतभर जाऊन, खोड-मुळाचा सांधा असतो तिथून काढावी लागते. पण ओट्यात शिरलेलं मूळ ओढायचं नाही, ओढलं की दगड बरोबर येतो. कापायचं आणि आत वाळू द्यायचं. जेसीबीच्या बकेटला हा फरक कळत नाही.

कल्याणची वाट
माळवद, मीही लिंगायतच आहे म्हणून विचारतो. बसवण्णांनी काय सांगितलं? श्रीमंत शिवाची मंदिरं बांधतील, मी गरीब काय करू. माझे पायच खांब, देह हेच देऊळ, मस्तक सोन्याचा कळस. स्थावर, म्हणजे उभं केलेलं, नाश पावतं; जंगम, म्हणजे चालतं-बोलतं, नाही. 12 व्या शतकात ज्या माणसानं दगडाच्या देवळाला नाकारलं, त्याचे अनुयायी आज दगडाचे ओटे राखायला वर्गणी मागायलेत. लिंगैक्य झालेल्याला, म्हणजे शिवात विलीन झालेल्याला, ओट्याची गरज काय? लहानपणी आजोबांच्या समाधीवर आम्ही मातीचा उंचवटा केला, दोन पावसाळ्यांत तो गेला, कुणाला वाईट वाटलं नाही. समाजाकडं पैसा असेल तर मुलींच्या वसतिगृहाला द्या.

माळवद
दादा, वचन मान्य. पण कार्तिक पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथ स्वामींच्या समाधीपुढं एवढी गर्दी असते, त्यात आपलीच माणसं असतात ना? मग तेही स्थावर. संतांची समाधी राखायची आणि आपल्या पणजोबाची जेसीबीखाली घालायची, हा न्याय बसवण्णांचा नाही. मी नवं देऊळ बांधा म्हणत नाही, आहे ते मोडू नका म्हणतोय. त्याला वर्गणीसुद्धा फार लागत नाही.

गावकुसाबाहेर
इथं सगळे "गावाची दफनभूमी" म्हणायलेत, ती एका समाजाची आहे हे मध्येच विसरतात. आमच्या वस्तीची मातीची जागा ओढ्याच्या पलीकडं. कुंपण नाही, वाट नाही, ओढ्याला पूर आला की थांबायचं. पाऊस असला तर वर ताडपत्री धरून विधी उरकायचा. जनसुविधेचा पैसा गावाचा आहे. अलीकडं पेव्हर की चुना यावर तुमची चर्चा चालते आणि पलीकडं पत्रासुद्धा नाही.

दुसरं, दगडाचे ओटे कुणाचे? मठपती, पाटील, सावकार. गरीब लिंगायताचा उंचवटा दोन पावसाळ्यांत जातो, कल्याणची वाट यांनीच वर लिहिलंय. म्हणजे जतन होणार ते मोठ्या घरांचं. पुनर्वसनात घरं 250, 450 आणि 750 चौरस फुटांची दिली, ज्याची जमीन जास्त त्याचं घर मोठं. आता मेल्यावरही तोच कोष्टक लावायचा का?

अजिंठा गावात पारोची कबर आहे, लेण्यांची चित्रं काढणाऱ्या इंग्रज मेजर गिलच्या सोबतिणीची. 1856 साली वारली ती. मेजर गिलनं तिच्या नावाचा दगड कोरून घेतला, म्हणून आज लोक तिथं जाऊन फोटो काढतात. त्याच गावात त्या साली आणखी किती बाया मेल्या असतील, त्यांना दगड नाही म्हणून गोष्ट नाही.

चुनागच्ची
हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच नकाशात फक्त ओटे नकोत, सगळी जमीन हवी. उंचवटा नसला तरी हद्द कळते. आणि ओढ्यापलीकडची जागाही त्याच मोजणीत घ्या. एकाच अर्जात दोन्ही गट नंबर टाकता येतात का हे भूमी अभिलेखमध्ये विचारा.

बांधावरचा
ज्या वाटेवरून तुम्ही सगळे भांडताय ती माझ्या शेतातून जाते. आजवर कुणाला अडवलं नाही, पुढंही अडवणार नाही. पण बारा फुटी सिमेंट रस्ता नकाशावर दाखवून मला न विचारता ठराव घेतला, हे कुठलं माणुसकीचं काम? सातबाऱ्यावर वाट नाही. आधी 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, काढा. त्यात दफनभूमी आणि पांदण दोन्ही असतील तर मी गप्प बसतो. नसतील तर माझ्याशी बसून बोला.

सासुरवाशीण
मी 1991 ला लग्न होऊन या भागात आले. 1993 च्या 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले, 3 वाजून 56 मिनिटांनी आमचं माळवदाचं, म्हणजे धाब्याचं घर बसलं. दगडाच्या जाड भिंती, मातीत रचलेल्या, वर मातीचं छत. सासूबाई आणि धाकटी नणंद गेल्या. लिंगायताच्या घरातली माणसं, पण पुरायला माणूस नव्हता आणि जागाही नव्हती. लाकडं रचली आणि जे सापडले त्यांना एकत्र अग्नी दिला. वरून पाऊस. कोण कुठल्या जातीचं हे कुणी विचारलं नाही. भाऊ गावकुसाबाहेर, त्या दिवशी तुमची माणसं आणि आमची माणसं एकाच चितेवर होती.

नंतर सासऱ्यांनी त्या दोघींच्या नावाचे दोन दगड दफनभूमीत मांडले. साधे शेतातले दगड. वर लाल ऑइल पेंटनं नावं, दर दिवाळीला ते पुन्हा गिरवायचे. खाली काहीच नाही. माळवद भाऊ, तुमच्या नंबरात हे दगड येतात का? जुने नाहीत, घडीव नाहीत. तुमच्या चुन्याच्या हिशेबात त्यांना जागा नसेल तर तुमच्यात आणि जेसीबीवाल्यात मला फरक दिसत नाही.

माळवद
आक्का, येतात. आणि त्यांवरचा ऑइल पेंट काढायचा नाही, हेही लिहून ठेवतो.

तेरणाकाठ
आक्का, तुमचं वाचून मी दोन दिवस लिहिलं नाही. तरी माझा प्रश्न तसाच आहे. चुन्याचं काम करणारा गवंडी आणायचा कुठून? आमच्याकडं हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून चुना मळणारा शेवटचा म्हातारा केव्हाच गेला. पोरांना सिमेंटशिवाय काही येत नाही. आणि नंबर-नकाशा होईपर्यंत पाऊस थांबणार नाही. माझं म्हणणं, रस्ता आणि पत्रा याच वर्षी. वरच्या जागेला हात लावू नका, बाभळीसकट तशीच राहू द्या. तीस वर्षं राहिली, आणखी चार राहील.

चुनागच्ची
बाभळीसकट नको. चार वर्षांत मुळं जेवढं उचकटतील तेवढं तीस वर्षांत उचकटलं नसेल, झाडं आता जाड झालीत. बाकी तुमचं मान्य. चुन्याचं काम शिकवता येतं. कळीचा चुना विझवून काही आठवडे मुरवला आणि तीन भाग वाळूत मळला तर गावातला कुठलाही जाणता गवंडी दरजा भरू शकतो. पहिला ओटा पडका आणि बिननावाचा घ्या, हात बसेपर्यंत. नंदीवाल्या ओट्याला सगळ्यात शेवटी हात लावा.

गावकुसाबाहेर
ठरावात ओढ्यापलीकडची जागा आली का ते कुणी सांगत नाही. ग्रामसभेत मी येतो. पत्रा दोन्हीकडं, नाहीतर कुणीकडंच नाही.

बांधावरचा
या. आणि खासरा पत्रकाची नक्कल घेऊन या. माझी तूर जानेवारीशिवाय निघत नाही, त्याआधी रानात रोलर घालू देणार नाही.