कंत्राट फेब्रुवारीअखेर संपतंय, मुलाखती कधी आणि कशा द्यायच्या?

प्रश्न: कोथरूडची_बस

जावा बॅकएंड, सहा वर्षं अनुभव. काम हिंजवडीत क्लायंटच्या ऑफिसात, पगार व्हेंडरच्या (मला तिथे पुरवणाऱ्या कंपनीच्या) पेरोलवर. कंत्राट २८ फेब्रुवारीला संपतंय. क्लायंटचा मॅनेजर तोंडी "वाढवू" म्हणतोय, कागद नाही. मुलाखती आत्ता जानेवारीतच सुरू करू का? नोटीस पिरियड किती सांगू? व्हेंडरला कधी कळू द्यायचं?

अर्धी_रजा

आत्ताच. एचआरचा फोन, दोन टेक्निकल फेऱ्या, मॅनेजरची फेरी आणि पगाराची घासाघीस यात महिना सहज जातो.

नोटीस सांगण्याआधी अॅग्रीमेंटमधली मुदत आणि टर्मिनेशन ही दोन कलमं वाचा. मुदत ठरल्या तारखेला आपोआप संपत असेल तर राजीनाम्याचा प्रश्नच नाही, मध्येच सोडलं तरच नोटीस लागते. पण काही मसुद्यांत "लेखी न कळवल्यास मुदत वाढली असे समजावे" अशा अर्थाचं वाक्य दडलेलं असतं. तसं असेल आणि नोटीस ३० दिवसांची असेल, तर २९ जानेवारीच्या आत मेल गेला पाहिजे.

मुलाखतीत "इमिजिएट जॉइनर" म्हणू नका. "कंत्राट २८ फेब्रुवारीला संपतंय, मार्चच्या पहिल्या कामाच्या दिवशी येतो" असं तारखेनिशी सांगा.

सगळ्यात महागात पडते ती एक्स्टेन्शनची सही. कागद येतो शेवटच्या आठवड्यात आणि तोही सहा महिन्यांचा. हातात ऑफर नाही म्हणून माणूस सही करतो, आठ दिवसांत ऑफर येते आणि नोटीस परत मानेवर. एकच महिना वाढवून मागा. क्लायंटची पीओ (व्हेंडरला दिलेली खरेदी ऑर्डर) तिमाहीची असेल तर "जमणार नाही" म्हणतील. मग निदान नोटीस १५ दिवसांवर आणा, आणि तेही लेखी.

पिंपळपान

व्हेंडरला कधी कळेल ते तुमच्या हातात नाही हो. त्यांचे रिक्रूटर दिवसभर नोकरी डॉट कॉमवरच असतात, जावा टाकून शोधलं की तुमचंच प्रोफाइल समोर. व्हेंडर आणि क्लायंट दोघांनाही ब्लॉक करून ठेवा, तरी बातमी फुटेल असंच धरून चला.

रेझ्युमेत एम्प्लॉयर म्हणून व्हेंडरचं नाव लिहा, त्याखालच्या ओळीत "क्लायंट". उलटं लिहिलंत तर ऑफर मिळेल, पण बीजीव्हीत (जुन्या नोकरीच्या पडताळणीत) पीएफच्या नोंदीवर वेगळंच नाव दिसेल आणि खुलासे करत बसाल.

आणखी एक: दोन कन्सल्टन्सींनी एकाच कंपनीत तुमचं नाव पाठवलं की ते डुप्लिकेट ठरतं. कमिशन कुणाचं या भांडणात कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते. कुठली कंपनी, कुठला रोल हे मेलवर आल्याशिवाय होकार देऊ नका, आणि कुणी कुठे पाठवलं याची वही ठेवा.

रात्रपाळी

क्लायंटच्या लॅपटॉपवर मुलाखतीची लिंक उघडूसुद्धा नका. टीम्समध्ये लॉगिन क्लायंटच्या आयडीचं असतं. पलीकडे लॉबीत (मीटिंगच्या वेटिंग रूममध्ये) तुमचं नाव त्या आयडीनिशी दिसतं आणि इकडे तुमचं स्टेटस लाल, म्हणजे 'कॉलवर', होतं. स्वतःचा लॅपटॉप, फोनचं हॉटस्पॉट. सकाळी साडेआठ किंवा संध्याकाळी सातनंतरचा स्लॉट मागा, बऱ्याचदा मिळतो. नाहीच मिळाला तर हाफ डे टाका आणि टाइमशीटमध्ये चारच तास भरा. मुलाखतीचा तास क्लायंटच्या बिलात गेला आणि पकडला गेला, तर शेवटची टाइमशीट अडकते.

प्रोजेक्टबद्दल विचारलं तर कोड, स्क्रीनशॉट, क्लायंटच्या ग्राहकांची नावं बाहेर काढायची नाहीत. पेमेंट रिट्राय झालं तरी पैसे दोनदा कापू नयेत म्हणून आयडेम्पोटन्सी की (प्रत्येक व्यवहाराला दिलेला एकमेव क्रमांक) कशी वापरली, हे मात्र खुशाल फळ्यावर काढून दाखवा.

कोथरूडची_बस

खूप उपयोग झाला. क्लायंटच स्वतःच्या रोलवर घ्यायचं म्हणाला तर?

अर्धी_रजा

मग व्हेंडरशी बोलणी क्लायंटनेच करायची, तुम्ही मध्ये पडू नका. त्यांच्या आपसातल्या करारात बहुतेक वेळा कन्व्हर्जन फी (माणूस स्वतःकडे घेतल्याबद्दल क्लायंटने व्हेंडरला द्यायची रक्कम) असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ दाखवून लोक म्हणतात की नोकरी संपल्यावर दुसरीकडे काम करण्यावरची बंदी टिकत नाही. तुमच्यापुरतं ते साधारण खरं आहे. पण क्लायंट आपल्या व्हेंडरशी वाकडं घेऊन तुम्हाला घेणार नाही, म्हणून कलम इथे फारसं कामाला येत नाही. हो-नाही कळेपर्यंत बाहेरच्या मुलाखती थांबवू नका.

जमाखर्च

पैशांचं कुणी बोललंच नाही.

पीएफमध्ये एक्झिट डेट व्हेंडरने टाकायची असते. नवी जॉइनिंग तारीख त्यानंतरचीच हवी. एका दिवसाचीही सरमिसळ झाली तर दोन नोकऱ्या केल्याचा संशय येतो. व्हेंडरने तारीख टाकलीच नाही तर यूएएन (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मधून आधार ओटीपीने स्वतः टाकता येते, पण शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावरच.

मार्चमध्ये जॉइन झालात तर आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवा. न कळवल्यास ती एकट्या मार्चच्या पगारावर हिशोब करते, ७५,००० ची स्टँडर्ड वजावट आणि कराचे खालचे स्लॅब परत देते, कर शून्य निघतो. रिटर्न भरताना तोच कर व्याजासकट अंगावर येतो.

शेवटच्या आठवड्यात मंजूर टाइमशीटची पीडीएफ, तीन पगारपत्रकं आणि रिलीव्हिंग लेटरची तारीख पक्की करणारा मेल, एवढं स्वतःच्या मेलवर घ्या. क्लायंटचा आयडी २८ ला संध्याकाळी बंद होतो. लॅपटॉप परत करताना पोचपावतीवर चार्जरचाही उल्लेख करून घ्या, फुल अँड फायनलमधून (शेवटच्या हिशोबातून) त्याचेही पैसे कापतात.