हायरॉक्सची तयारी: वजने उचलता येतात, धावता येत नाही

कृषीनगरची

नमस्कार. माझे वय 34 असून मी नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका बँकेत काम करते. गेली दोन वर्षे मी नियमितपणे जिमला जाते. 60 किलोचे स्क्वॉट आणि 75 किलोचे डेडलिफ्ट मला व्यवस्थित जमतात. धावण्याच्या बाबतीत मात्र आनंदी आनंद आहे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जेमतेम तीन किलोमीटर धावल्यावर धाप लागते आणि उरलेले अंतर चालावे लागते. मे 2025 मध्ये मुंबईत भारतातील पहिली हायरॉक्स स्पर्धा (एक किलोमीटर धावणे आणि लगेच व्यायामाचे एक स्थानक, असे आठ वेळा) झाली, तिच्यात माझी एक मैत्रीण उतरली होती. तिचे वर्णन ऐकल्यापासून आपणही एकदा उतरावे असे मनाने घेतले आहे. हाताशी साधारण सहा महिने आहेत आणि पहाटे साडेपाच ते सात एवढाच वेळ मोकळा असतो. धावणे आणि वजने यांची सांगड आठवड्यात कशी घालावी? आमच्या जिममध्ये स्लेज (वजने लादून ढकलायची आणि ओढायची घसरगाडी) नाही आणि स्की-अर्ग, म्हणजे दोन्ही हातांनी दोर वरून खाली खेचण्याचे यंत्रही नाही, त्यांची उणीव कशी भरून काढावी? आणि धावणे कच्चे असल्याने एकटीने उतरण्याऐवजी जोडीने उतरणे सोपे जाईल का?

पांडवलेणीकर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. जोडीच्या गटात आठही स्थानकांवरील काम दोघांत हवे तसे वाटून घेता येते, परंतु धावण्याचे आठही किलोमीटर दोघांनाही बरोबरीने धावावे लागतात. म्हणजे जे तुम्हाला येते त्यात सवलत मिळेल आणि जे येत नाही ते पूर्ण करावेच लागेल. धावणे कमी करायचे असेल तर चौघांचा रिले हा एकच मार्ग आहे. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला दोन किलोमीटर आणि दोन स्थानके येतात. तरीही पहिल्या खेपेला जोडीचा गट मला चांगला वाटतो. सोबत असली की माणूस मध्येच चालू लागत नाही.

मी मुंबईत एकट्याने उतरलो होतो आणि माझी चूक तुमच्या उपयोगी पडावी. स्लेजच्या धास्तीने मी तीन महिने पायांचे जड व्यायाम केले आणि धावणे रविवारपुरते ठेवले. स्लेज ढकलून झाली, दोराने ओढूनही झाली. पण सहाव्या किलोमीटरला पाय लाकडासारखे झाले आणि तेथून पुढे मी निम्मे अंतर चाललो. या स्पर्धेत एकेक किलोमीटर धावल्यानंतर एकेक स्थानक येते आणि ढोबळमानाने निम्मा वेळ धावण्यातच जातो. महिलांच्या खुल्या गटात ढकलायची स्लेज स्वतःच्या वजनासह 102 किलोची, तर ओढायची 78 किलोची असते. तुमच्या पायांत ती ताकद आजच आहे, केवळ तंत्र शिकावे लागेल. कमी आहे तो दम.

म्हणून पहिले दोन महिने हळू धावा, इतके हळू की शेजारच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असे अर्धा तास करावे लागले तरी त्यात कमीपणा नाही. मंगळवार आणि गुरुवारी असे अर्धा-अर्धा तास, रविवारी हळूहळू वाढवत तासापर्यंत, आणि वजनांसाठी सोमवार व शुक्रवार पुरेसे आहेत. बुधवारी खरोखर विश्रांती घ्या. तिसऱ्या महिन्यापासून शनिवारी दमलेल्या पायांनी धावण्याचा सराव सुरू करा: एक किलोमीटर धावणे, लगेच वजन घेऊन लंजेस (लांब पाऊल टाकत, मागचा गुडघा जमिनीपर्यंत वाकवत चालणे), पुन्हा एक किलोमीटर, मग बर्पी (जमिनीवर पालथे पडून, उठून उडी मारणे). लंजेसनंतरची पहिली दोनशे मीटर पाय आपले नसल्यासारखे वाटतात. त्या अवस्थेची ओळख स्पर्धेआधीच झालेली बरी.

जुना तालीमवाला

वरील सल्ला मला बहुतांशी मान्य आहे, पण आठवड्यात दोनच दिवस वजने हे मला पटत नाही. कमावलेली ताकद राखायला दोन दिवस पुरतात हे खरे. मात्र येथे ताकद एकदा लावायची नसून थकलेल्या अवस्थेत पुनःपुन्हा लावायची आहे. आमच्या तालमीत जोर-बैठकांचे महत्त्व याच कारणासाठी होते. ताईंनी धावून आल्यावर पन्नास बैठकांनी सुरुवात करून त्या शंभरावर न्याव्यात. शेवटचे स्थानक शंभर वॉल बॉलचे (बैठक मारून उठताना चेंडू भिंतीवरील खुणेवर फेकण्याचे) असते, तेथे त्यांची आठवण येईल.

साधनांची चिंता फार करू नये. एखाद्या टायरच्या दुकानातून मोठा जुना टायर आणून जाड दोर बांधला, की मैदानावर मागे झुकून, दोन्ही हातांनी दोर खेचून टायर आपल्याकडे ओढता येतो. स्लेज ओढण्याची निम्मी तयारी तेथेच होते. ढकलण्यासाठी त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या पाठीवर वजन घेऊन चढाव्यात. बंद ट्रेडमिलचा पट्टा पायांनी ढकलण्याचा उपाय काही जण सांगतात, पण त्यामुळे यंत्र बिघडू शकते, तेव्हा जिमच्या मालकाला विचारल्याशिवाय ते करू नका. लंजेससाठी तुमच्या गटात 10 किलोची वाळूची पिशवी असते. गोणपाटाच्या पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट शिवले की काम भागते. ज्या जिल्ह्यात कांद्याच्या गोण्या खांद्यावरून वाहिल्या जातात, तेथे यासाठी महागडी पिशवी विकत घेणे मला तरी जिवावर येईल.

फिजिओथेरपिस्ट, पंचवटी

दोन्ही प्रतिसादांत एक बाब राहून गेली आहे. जिममध्ये कमावलेले स्नायू बळकट असतात, परंतु नडगीचे हाड, टाच आणि गुडघ्याखालचा स्नायुबंध यांना धावण्याच्या आघातांची सवय नसते आणि ती स्नायूंपेक्षा सावकाश लागते. माझ्याकडे नडगीचे दुखणे घेऊन येणाऱ्यांत असे जिममधील तगडे लोक बरेच असतात, कारण दम वाढताच ते अंतर एकदम वाढवतात. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा अंतर मुद्दाम कमी ठेवा. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर दुखत असेल तर धावणे थांबवून तपासून घ्या. 80 मीटर बर्पी ब्रॉड जंपचा (प्रत्येक बर्पीनंतर पुढे लांब उडी) सराव पहिल्या दोन महिन्यांत टाळावा. आधी साधी बर्पी नीट जमू द्या. आणि सहज धाप लागते असे लिहिले आहे, म्हणून सुचवते की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) या तपासण्या एकदा करून घ्या. स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता पुष्कळदा आढळते आणि ती असेल तर कितीही सराव करून दम वाढत नाही.

कृषीनगरची

सर्वांचे मनापासून आभार. तपासणी याच आठवड्यात करून घेते. स्की-अर्गचे मात्र राहिले, आणि रोइंगचे (वल्हवण्याचे) यंत्र आमच्याकडे आहे, पण त्यावर पाच मिनिटांत हात भरून येतात.

पांडवलेणीकर

हात भरून येतात याचा अर्थ तुम्ही हातांनी ओढता. आपल्याच जिल्ह्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरले होते. त्यांच्या शर्यतींच्या चित्रफिती पाहा, आधी पाय लांबतात, मग पाठ मागे झुकते आणि हात सर्वांत शेवटी येतात. यंत्राची हवेचा रोध कमी-जास्त करणारी कळ दहावर न ठेवता चार-पाचच्या आसपास ठेवा आणि मिनिटाला 24 ते 26 वल्ह्यांनी 1000 मीटर पूर्ण करा. स्की-अर्गऐवजी जिममधील केबलच्या यंत्रावर हलके वजन लावून, कंबरेतून वाकत, हात वरून मांडीपर्यंत खाली खेचण्याचा सराव सलग चार मिनिटे करावा.

आणखी एक सांगायचे म्हणजे, वॉल बॉलसाठी तुमच्या गटात 4 किलोचा चेंडू 2.70 मीटर उंचीच्या खुणेवर लागावा लागतो, आणि बैठक पुरेशी खोल नसेल तर ती फेक मोजली जात नाही. तेव्हा जिमच्या भिंतीवर आजच खडूने रेघ मारून घ्या. मी अंदाजाने सराव केला होता आणि माझी खूण वीतभर खाली निघाली.