हीलरला मेडिसिन हवंच का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात क्लेरिक (दैवी मंत्रांनी इतरांना बरं करणारं पात्र) घेणाऱ्याला 'क्लेरिक आहे म्हणजे मेडिसिन (वैद्यकी) आणि रिलिजन (धर्मज्ञान) ही स्किल्स डोळे मिटून घ्या' असा सल्ला दिला जातो. तो मला अजिबात पटत नाही. खेळाच्या २०१४ च्या नियमांत मेडिसिनचा मुख्य उपयोग म्हणजे शून्य हिट पॉइंट्सवर पडून मरायला टेकलेल्याला स्थिर करणं, डीसी १० (म्हणजे फाशाची बेरीज निदान १० हवी). तेच काम ५ जीपींचं (सोन्याच्या नाण्यांचं) हीलर्स किट फासा न टाकता करतं, तेही १० वेळा! हीलिंग वर्ड हा मंत्र तर ६० फुटांवरून, बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा कृतीत) माणूस शुद्धीवर आणतो.

त्यापेक्षा इनसाइट (समोरच्याचं मन ओळखणं) घ्या. ते ज्यावर चालतं ते विजडम (शहाणपण) तुमचं चांगलं असणारच. आमचा डाव रविवारी दादरला बसतो. मेगाब्लॉक असला की डोंबिवलीहून येणारा आमचा 'रोग' (Rogue, चोरटं पात्र) खेळणारा मित्र हमखास उशिरा पोचतो. तोवर सराईवाला खोटं बोलतोय का, हे क्लेरिकलाच हेरावं लागतं, आणि त्याला बोलतं करायला पर्स्वेजन (मन वळवणं) लागतं. लहान ग्रुपमध्ये ही दोन स्किल्स दर सेशनला कामी येतात.

वैद्याचीच भूमिका मनापासून करायची असेल तर हर्मिट (एकांतवासी) हे बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पूर्वपीठिका, घ्या. त्यात मेडिसिन आणि रिलिजन दोन्ही मिळतात, क्लासची, म्हणजे क्लेरिक म्हणून निवडायची, दोन स्किल्स मोकळी राहतात. पर्सेप्शन (आजूबाजूचं टिपणं) मात्र क्लेरिकच्या स्किल्सच्या यादीत नाही. ते हवं असेल तर एल्फ वंशाचं पात्र घ्या.