मदत हवी आहे: हर्मन कासवाच्या वजनाच्या आणि खाण्याच्या नोंदी कशा ठेवता?

इंग्लंडमध्ये पाळलेलं हर्मन जातीचं नर कासव, वय 9 वर्षं. कवचाची लांबी 14.5 सेंमी (टेप वळणावरून फिरवून नाही, दोन जाड पुस्तकांमध्ये धरून सरळ मोजलेली), वजन 640 ग्रॅम. ग्रॅममधल्या वजनाला लांबीच्या घनाने भागलं की जॅक्सन गुणोत्तर 0.21 येतं, म्हणजे तब्येत छान आहे.

अडचण रोजच्या नोंदींची आहे. वजन दर रविवारी, कोमट पाण्यात बसवण्याआधी घेतलं जातं. तरी 15-20 ग्रॅम वर-खाली होतंच, कारण पोटभर पाणी प्यायलं किंवा लघवी झाली की काटा लगेच हलतो. मग खरी घट ओळखायची कशी? चार आठवड्यांची सरासरी काढता का?

खाणं म्हणजे डँडेलियन आणि प्लांटेन (केळ्याचा प्रकार नव्हे) या रानटी तणांची पानं, फळं अजिबात नाहीत, वर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड. ओली पानं तोलून काही कळत नाही, म्हणून सध्या "कवचाएवढा ढीग, किती उरला" एवढंच लिहिलं जातं. लघवीतला पांढरा भाग मलईसारखा आहे की रवाळ, हेही. रवाळ दिसला तर पाणी कमी पडतंय.

सर्वांत मोठी काळजी शीतनिद्रेची. हिवाळ्यातल्या या लांब झोपेसाठी कासव फ्रिजमध्ये ठेवतो; फ्रिज 5 अंशांवर, आणि 10 टक्के वजन घटलं की उठवायचं, हे पक्कं. पण त्याआधी आतडी रिकामी व्हावीत म्हणून उपाशी ठेवतो, त्या आठवड्यांतली घट या 10 टक्क्यांत धरता, की फ्रिजमध्ये ठेवायच्या दिवसाचं वजन मूळ मानता?