लहान पुलीनंतर वरच्या आरपीएमला ताकद पडणे

सुपरचार्जरची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा, बेल्टवर चालणारा पंप) पुली लहान केल्यावर बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढला, पण वरच्या आरपीएमला गाडी ढिली पडते, असा प्रश्न आहे. मॅपला (इंजिन कॉम्प्युटरमधल्या इंधन-टायमिंगच्या सेटिंगला) हात लावण्याआधी लॉग, म्हणजे गाडी चालवतानाच्या सेन्सर आकड्यांची नोंद, काढा, कृपया. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये आरपीएम चढताना बूस्ट उतरत असेल तर बहुधा बेल्ट घसरतोय. लहान पुलीवर बेल्टचा वेढा कमी बसतो, म्हणून टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) बघा. बूस्ट टिकूनही टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे जात असेल, तर बहुधा इनटेकची, म्हणजे इंजिनात जाणारी, हवा तापतेय; ती थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाण्याचा पंप चालतो का, सर्किटमध्ये हवा अडकलीय का, तपासा. पेट्रोलवर पूर्ण लोडला एअर-फ्युएल रेशो (हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण) 11.5 ते 12 ठेवा. इंजेक्टर ड्युटी (इंधन फवारणारा इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा असतो) 85 टक्क्यांपुढे गेली, तर मोठे इंजेक्टर घ्याच.