वाइल्डफ्लाय सोडून टॉमकॅट: ईएआर हलवायला किती काम निघेल?

थ्रेडपूल२००
गोदामाचं सॉफ्टवेअर वाइल्डफ्लाय २६ वर (जावाचा पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर) चालतंय. एक ईएआर (सगळं ॲप्लिकेशन बांधलेली एकच फाइल), चाळीसेक स्टेटलेस ईजेबी (सर्व्हरच सांभाळतो ते कामाचे जावा क्लास), दोन मेसेज-ड्रिव्हन बीन (रांगेतले मेसेज घेणारे क्लास), खाली पोस्टग्रेस डेटाबेस, रांगेसाठी सर्व्हरमधलंच आर्टेमिस. ऑर्डरची नोंद आणि तिचा मेसेज एकाच एक्सए ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेस आणि रांग दोन्हीकडे मिळून कमिट, नाहीतर कुठेच नाही) जातात. टीम म्हणते सर्व्हर जड आहे, टॉमकॅट १०.१ (हलका वेब सर्व्हर) + स्प्रिंग (जावा फ्रेमवर्क) घेऊ. काय काय अडेल?

कमिट_की_रोलबॅक
टॉमकॅटमध्ये सर्व्हलेट, जेएसपी, वेबसॉकेट मिळतं. ईजेबी, जेएमएस (मेसेजच्या रांगा), जेटीए (एक्सएसारखी ट्रान्झॅक्शन) नाही. पण चाळीस ईजेबींच्या आकड्याला घाबरू नका, खरी मेख त्या एक्सएमध्ये आहे.

ईजेबी स्प्रिंगमध्ये आणताना दोन गोष्टी गुपचूप बिघडतात. ईजेबीच्या मेथडला काही लिहिलं नाही तरी ट्रान्झॅक्शन मिळतं. स्प्रिंगमध्ये ॲनोटेशन नसेल तर नाही. मग प्रत्येक एसक्यूएल आपापलं कमिट होतं आणि मध्येच एरर आली की अर्धी ऑर्डर टेबलात राहते. दुसरं, स्टेटलेस बीनचा एक इन्स्टन्स एका वेळी एकच थ्रेड वापरतो. स्प्रिंगचं बीन सगळ्यांत मिळून एकच. कुणी फील्डमध्ये तात्पुरती व्हॅल्यू ठेवली असेल तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसेल. कंपायलर यातलं काहीच पकडत नाही.

एक्सएच्या जागी आउटबॉक्स टेबल (पाठवायचे मेसेज ठेवायला डेटाबेसमध्येच) करा. ऑर्डर आणि मेसेजची ओळ एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची. वेगळा जॉब 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' (दुसऱ्याने लॉक केलेल्या ओळी सोडून) लावून ओळी उचलतो आणि पाठवतो. पाठवून झालं पण खूण करण्याआधी जॉब पडला, तर तोच मेसेज पुन्हा जातो. त्यामुळे घेणाऱ्याने मेसेज-आयडी तपासायलाच हवा.

जुनाजार
त्यात भर: वाइल्डफ्लाय २६ जावाएक्सवर (पॅकेजांची जुनी नावं), टॉमकॅट १० जकार्तावर (नवी नावं). सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका. जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.नेमिंग जेडीकेचे (मूळ जावाचेच) आहेत, ते तसेच राहतात. जावाएक्स.ट्रान्झॅक्शन बदलतं, पण त्याच्या पोटातलं एक्सए पॅकेज बदलत नाही (इथे हमखास घसरतात). सर्व्हर आणि नावं, दोन्ही बदल एकाच रिलीजमध्ये नकोत, बग कुणाचा ते कळणार नाही.

लोड टेस्टआधी पूलही बघा. टॉमकॅटचे थ्रेड डिफॉल्ट २००, डीबीसीपीची (डेटाबेस-कनेक्शनचा पूल) कनेक्शन मात्र ८, आणि वाट पाहायला मुदतच नाही. सीपीयू निवांत, पानं लटकलेली, असं चित्र दिसेल आणि खापर टॉमकॅटवर फुटेल.

नोडआयडी
नुसता जडपणाच खुपत असेल तर माझं मत: हलूच नका. गॅलिऑनने (वाइल्डफ्लाय बांधायचं टूल) लागतील तेवढेच सबसिस्टम घेऊन सर्व्हर बांधा, बाकीचं वगळा.

एक्सए ठेवणार असाल आणि नोड (चालू सर्व्हर) एकाहून जास्त असतील, तर ट्रान्झॅक्शनचा नोड-आयडेंटिफायर प्रत्येकाला वेगळा द्या. डिफॉल्ट १ आहे. तो सारखा राहिला तर एका नोडची रिकव्हरी दुसऱ्याचं चालू ट्रान्झॅक्शन रोलबॅक करू शकते. कंटेनरमध्ये ट्रान्झॅक्शनचं ऑब्जेक्ट-स्टोअर (अर्धवट ट्रान्झॅक्शनची नोंद) टिकाऊ व्हॉल्यूमवरच हवं. ते पुसलं गेलं की पोस्टग्रेसमध्ये प्रिपेअर्ड (कमिटची वाट पाहणारं) ट्रान्झॅक्शन लॉक धरून बसतं आणि व्हॅक्यूमही (जुन्या ओळींची साफसफाई) अडतो. 'पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स'मध्ये तासभर जुनी ओळ दिसली तर समजा हेच झालंय.

थ्रेडपूल२००
नोड दोन आहेत, आयडेंटिफायर दोन्हीकडे १. आज तेच बदलतो. आउटबॉक्सच्या पाठवलेल्या ओळी कधी काढायच्या?

कमिट_की_रोलबॅक
टेबलाचं दिवसवार पार्टिशन (तुकडे) करा आणि जुनं पार्टिशन ड्रॉप करा, पण आधी त्यात न पाठवलेली ओळ उरली नाही ना ते बघा. रोज लाखभर डिलीट मारलेत तर टेबल फुगत जाईल.